रमेपासून गोपिकाबाईंपर्यंत

आमच्या बारामतीला पेशव्यांची गोष्ट परकी नाही. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा वाडा आजही आहे. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही या नाइकांच्या घरची सून. १७४० साली बाजीराव गेले, तेव्हा पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांऐवजी बाबूजी नाइकांना मिळावीत, अशी खटपट रघूजी भोसल्यांनी केली होती. ती साधली असती तर शनिवारवाड्याचा थाट कऱ्हेकाठी आला असता, असे आमच्याकडची जुनी मंडळी उगाच सुस्कारा टाकून म्हणत. ती साधली नाही. पण नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत येथे राहिले, आणि आर्येची दौलत गावाला मिळाली. दुधाची तहान ताकावर भागली म्हणावे, तर ताकच दुधाहून सरस निघाले!

सांगायचा मुद्दा असा की, दूरदर्शनवर 'स्वामी' ही मालिका लागली, तेव्हा आमच्या आळीतील बायकामाणसे ती परक्यांची कहाणी म्हणून पाहत नव्हती. सोयरिकीतल्या घरी काय चालले आहे, ते ऐकावे तशा भावनेने पाहत होती.

ही गोष्ट १९८७ च्या सुमाराची. आळीत चार-पाच घरी दूरदर्शनचे संच होते, त्यांत एक आमच्याकडे. चित्र यायचे ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. वारा सुटला की छपरावरची अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या धावू लागत. मग धाकटा भाऊ गच्चीवर चढून ओरडायचा, "आलं का?" आणि खालून आम्ही सारे, "गेलं! अजून जरा डावीकडे घे!" अशा मुंग्यांमधून आम्हाला प्रथम रमा दिसली. सोळा-सतरा वर्षांची पोर, मोठे शांत डोळे, आणि बोलण्यात कोठेही नाटकीपणा नाही. नावाच्या पाटीवर 'मृणाल देव' असे होते. आज तिला सारा महाराष्ट्र मृणाल कुलकर्णी म्हणून ओळखतो.

आमच्या घरी माझी आत्या राहत असे. तिला आम्ही माई म्हणत असू. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले आणि ती माहेरी परत आली. पुढची सारी वर्षे तिने आमच्या स्वयंपाकघरात काढली. 'स्वामी' लागे तेव्हा ती माजघराच्या उंबऱ्यापाशी सुपात तांदूळ घेऊन बसे. डोळे पडद्यावर, बोटे खड्यांवर. शेवटच्या भागाला घर भरले होते. थेऊरला माधवराव गेले, रमा निघाली. शेजारच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावून म्हटले, "धन्य ती माउली!" सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माईच्या नव्हते. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले,

"ती गेली, ती सुटली. सासूचं काय झालं पुढं?"

कोणी उत्तर दिले नाही. मी शाळेत इतिहास शिकवीत असे. तरी मीही अडखळलो. "गंगापूरला राहत होत्या म्हणे," एवढेच म्हणालो.

"म्हणे काय? मास्तर ना तू? शोधून काढ."

वाचकहो, एका कलावतीच्या दिग्दर्शनाबद्दल लिहायला बसलो आणि घरची आठवण सांगत सुटलो, याबद्दल राग मानू नये. माईच्या त्या प्रश्नावाचून मला मृणाल कुलकर्णी यांच्या कामाकडे पाहता येत नाही, हे खरे कारण आहे. आणि माझा तर्क असा की, खुद्द मृणालबाईंनाही तो प्रश्न कधीतरी पडला असावा. तो तर्क का केला, ते पुढे सांगतो.

प्रथम त्यांची शाळा पाहू. कलावंताच्या घरात डोकावणे हे टीकाकाराचे काम नव्हे, हे मी जाणतो. पण काही कलावंतांची घरे हीच त्यांची तालीम असते, आणि मग तेथे पाऊल टाकल्यावाचून गत्यंतर नसते. मृणालबाईंचा जन्म २१ जून १९७१ चा. त्या गो. नी. दांडेकरांच्या नात. आप्पांनी सारा महाराष्ट्र पायांखाली घातला, गडकिल्ले पालथे घातले, आणि तळेगाव दाभाड्याला बसून त्यांतून कादंबऱ्या उभ्या केल्या. आप्पांची कन्या डॉ. वीणा देव मराठीच्या प्राध्यापिका, जावई डॉ. विजय देव राज्यशास्त्राचे. या पतिपत्नींनी आप्पांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचा एक आगळाच प्रकार मराठीत रुजविला. रंगमंचावर पडदा नाही, नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. दोन-तीन माणसे हातात संहिता घेऊन बसतात आणि केवळ आवाजाने एक गाव, एक डोंगर, एक काळ उभा करतात. पुढे लेक मृणाल आणि जावई रुचिर हेही त्या वाचनात सामील झाले.

हे नुसते कौतुकासाठी सांगत नाही. ज्या घरात शब्द मोठ्याने वाचला जातो, त्या घरातल्या मुलाच्या कानाला एक वळण लागते. वाक्य कोठे थांबते, श्वास कोठे घ्यावा, कोणता शब्द गिळला तर अर्थ मरतो, हे त्याला शिकवावे लागत नाही. सोळाव्या वर्षी रमेच्या तोंडी जे शब्द इतके सहज आले, त्याचे रहस्य येथे आहे. आणि पुढे दिग्दर्शिका म्हणून त्यांचे जे गुण दिसले आणि जे दोष दिसले, त्या दोहोंचे मूळही मला येथेच आढळते.

'स्वामी' ही रणजित देसाई यांची १९६२ सालची कादंबरी. १९६४ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले. मालिकेचे दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. १९४४ साली 'प्रभात'च्या 'रामशास्त्री' चित्रपटात न्यायनिष्ठुर रामशास्त्र्यांची भूमिका करणारे आणि त्याच्या दिग्दर्शनातही वाटा असणारे हे जागीरदार. पुण्याच्या चित्रपट शिक्षणसंस्थेचे पहिले प्रमुख. म्हणजे पेशवाईचा हा काळ त्यांनी एकदा नट म्हणून जगून घेतला होता आणि दिग्दर्शक म्हणून हाताळलाही होता. पडद्यापुढून पडद्यामागे कसे जावे, याचा धडा मृणालबाईंना पहिल्याच कामात समोर बसून पाहायला मिळाला. १९८८ साली जागीरदार गेले. गुरूच्या उतारवयाची ही शिष्या. शिकवणी थोडी, पण ती वाया गेली नाही.

मात्र त्या काळाचे आणखी एक स्मरण येथे द्यायला हवे. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातील देवराळा गावी रूपकंवर ही अठरा वर्षांची विवाहिता पतीच्या चितेवर जळाली आणि सारा देश हादरला. सतीप्रतिबंधाचा नवा कायदा त्यानंतरच आला. म्हणजे वृत्तपत्रात आम्ही ज्या गोष्टीचा धिक्कार वाचत होतो, तीच गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच्या पेहरावात आली की आमचे डोळे भरून येत होते. या विसंगतीवर आम्हा शिकल्यासवरल्या पुरुषांपैकी कोणी बोट ठेवले नाही. ते ठेवले चौथीपर्यंत शिकलेल्या माईने, आणि तेही कायद्याचे नाव न घेता.

रमेनंतर मृणालबाईंना ओळीने सोज्ज्वळ भूमिका मिळत गेल्या. मुलांनी त्यांना 'सोनपरी' म्हणून डोक्यावर घेतले. स्मिता तळवलकर यांच्या निर्मितीतील 'अवंतिका'ने त्यांना मराठी घराघरांतील लेक केले. २००८ साली 'राजा शिवछत्रपती' या मालिकेत त्या जिजाऊ झाल्या, आणि पुढे दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' या चित्रपटांतूनही जिजाऊ म्हणजे मृणालबाई, असे समीकरणच झाले. आमच्या तालुक्यातले सुपे आणि शेजारचे इंदापूर ही शहाजीराजांच्या जहागिरीतली ठिकाणे. मालोजीराजे तर इंदापुरीच पडले. तेव्हा इकडच्या गावांत जिजाऊंचे काम करणाऱ्या बाईंकडे नुसती नटी म्हणून कोणी पाहत नाही. एवढा मान अंगावर वागवणे सुखाचे असते, तसे ते ओझ्याचेही असते. रमा, मीरा, द्रौपदी, जिजाऊ — अशा नावांचे वस्त्र एकदा चढले की साधे, चुकणारे, चिडणारे माणूस होण्याची मुभा नटीला राहत नाही. चाळिशी ओलांडल्यावर मृणालबाई दिग्दर्शनाकडे वळल्या, त्यामागे ही मुभा मिळविण्याची ओढ असावी, असे मला त्यांचा पहिला चित्रपट पाहताना वाटले.

तो चित्रपट म्हणजे २०१३ च्या एप्रिलमधील 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं'. सचिन खेडेकर, पल्लवी जोशी, सुनील बर्वे आणि स्वतः मृणालबाई. मोडलेल्या संसारांतून बाहेर पडलेली, मुलेबाळे असलेली प्रौढ माणसे पुन्हा प्रेमाकडे वळतात, असा विषय. आमच्या पिढीला हा विषय थोडा अवघडच. पण चित्रपट पाहताना अवघडल्यासारखे झाले नाही, हे दिग्दर्शिकेचे यश. कोणालाही खलनायक केलेले नाही. सोडून गेलेल्या माणसालाही त्याची बाजू मांडू दिली आहे. पण येथेच त्यांच्या दोषाचीही पहिली चाहूल लागते. सगळीच माणसे इतकी समंजस, आणि सगळ्यांचे बोलणे इतके पुरे झालेले, की भांडणातही कोणी कोणाचे वाक्य तोडीत नाही. आमच्या घरी तर साध्या चहावरून बोलणे निघाले तरी तीन माणसे एकदम बोलतात! अभिवाचनात एकाने थांबल्यावर दुसऱ्याने बोलावे, हा नियम आहे. संसारात तो नाही.

पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट २०१४ रोजी, 'रमा माधव' आला. दोनच दिवस आधी, ६ ऑगस्टला, स्मिता तळवलकर गेल्या होत्या. दूरदर्शनवर बातम्या देता देता अभिनयाकडे, तेथून निर्मितीकडे आणि 'सवत माझी लाडकी'सारख्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाकडे वळलेल्या या बाईंनी, छोट्या पडद्यावरची स्त्री कॅमेऱ्यामागेही उभी राहू शकते, हे मराठीत करून दाखविले होते. चित्रपटाचे संगीतकार आनंद मोडक हेही त्याच वर्षीच्या मे महिन्यात गेले. आपले हे काम पडद्यावर आलेले त्यांनी पाहिले नाही. अशा सुतकी दिवसांत तो चित्रपट लागला.

मी तो आमच्या कुटुंबासह आणि सुनेसह पाहिला. माई तेव्हा नव्हती. नामावली सुरू झाली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. 'स्वामी'त जे माधवराव होते, ते रवींद्र मंकणी येथे नानासाहेब झाले होते. 'स्वामी'त जी रमा होती, ती येथे गोपिकाबाई झाली होती. सत्तावीस वर्षांपूर्वीचे नवरा-बायको आता त्याच माधवरावाचे आई-बाप होऊन उभे होते! नव्या रमा-माधवाच्या भूमिकांत पर्ण पेठे आणि आलोक राजवाडे ही पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर वाढलेली मुले, आणि चिमुकली रमा म्हणून श्रुती कार्लेकर. मालिकेतील शिवाजीराजे, म्हणजे अमोल कोल्हे, येथे सदाशिवरावभाऊ. जिजाऊंचा लेक गोपिकाबाईंचा दीर झाला. सुनेला मी हे हलक्या आवाजात सांगू लागलो, तेव्हा कुटुंबाने कोपराने ढोसून गप्प बसविले.

ही योजना केवळ जुन्या आठवणींची गंमत म्हणून केलेली नाही, असे माझे मत आहे. विचार करा. ज्या मुलीने सोळाव्या वर्षी रमा केली, तिला प्रेक्षकांनी जन्मभर रमाच ठेवायचे ठरविले होते. माधवरावांना पेशवाई मिळाली तीही सोळाव्या वर्षी, १७६१ साली. आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला ते थेऊरला गेले, तेव्हा वय सत्तावीस. म्हणजे ही जोडी म्हातारी होतच नाही. पण ती साकारणारी माणसे होतात. त्यांना केस पिकतात, मुले होतात, मुलांची लग्ने होतात. दिग्दर्शिका झाल्यावर मृणालबाईंनी आपल्यासाठी भूमिका निवडली, ती जाणारीची नव्हे, मागे राहिलेलीची. माईने विचारलेला प्रश्न त्यांच्याही मनात असावा, असे मी म्हटले, ते यासाठी.

माईला उत्तर द्यायचे म्हणून मी तेव्हा ग्रंथालयात बसून जे टिपले होते, ते येथे देतो. गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पती गेला. मधला मुलगा पेशवा झाला, पण त्याने रास्त्यांच्या, म्हणजे आपल्या मामाच्या, अपराधाला क्षमा केली नाही. आई रुसून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. तो मुलगा क्षयाने गेला. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात धाकट्या नारायणरावाचा खून झाला. तिन्ही मुलगे संपले. तरी ही बाई जगली. नातू सवाई माधवराव मोठा होऊ लागला, तेव्हा त्याने दिवसभरात कसे वागावे, काय करावे, याचा पाठ तिने त्याला लिहून पाठविला. १७८८ साली ती गेली. माधवराव आणि रमा गेल्यानंतर सोळा वर्षांनी.

हे सारे मी माईला वाचून दाखविले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोळा वर्षं! आणि तिचं नाटक कोणी केलं नाही."

आता चित्रपटाकडे येऊ. 'रमा माधव'चा पहिला भाग मला फार आवडला. पेशवाईवरील नाटके-चित्रपट बहुधा दिवाणखान्यात घडतात. हा माजघरात घडतो. लहानगी रमा शनिवारवाड्यात येते आणि तिच्या नजरेने आपण तो वाडा पाहतो. सासू गोपिकाबाई, सदाशिवरावभाऊंची पार्वतीबाई, राघोबादादांची आनंदीबाई: या बायकांच्या बसण्याउठण्यातून राज्यातले पेच कळत जातात. येथे दिग्दर्शिकेचे नटीपण कामास आले आहे. नटाला काय द्यावे लागते, हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे लहानसहान भूमिकांनाही तिने जागा दिली आहे. श्रुती मराठे यांच्या पार्वतीबाई मनात राहतात. पानिपतावरून पती परत आला नाही, पण तो गेला हे जिने मरेपर्यंत मानले नाही, ती ही बाई. आणि सोनाली कुलकर्णी यांची आनंदीबाई पाहताना, खलस्त्रीचाही कोठेतरी सल असतो, हे जाणवते.

पण चित्रपट जसा थेऊरकडे वळतो, तशी दिग्दर्शिका मागे सरते आणि जुनी रमा पुढे येते. प्रकाश मंद, चेहरे करुण, शब्द मोजके, वस्त्रे नीटनेटकी. पुन्हा एकदा आपण त्याच पुण्यवान अश्रूंशी येऊन पोहोचतो. जाणाऱ्या रमेच्या मनात भीती असेल का, आगीच्या विचाराने त्या तरुण जिवाचा थरकाप झाला असेल का, ते कोवळे आयुष्य संपवणे ही केवळ प्रीतीची परिपूर्ती की एका रूढीचा क्रूर जुलूम, हे विचारण्याचे धैर्य २०१४ सालच्या दिग्दर्शिकेने दाखवायला हवे होते. १९८७ सालच्या मुलीकडून ती अपेक्षा कोणी केली नसती. आणि ज्या गोपिकाबाईंची भूमिका तिने स्वतःकडे घेतली, त्यांना चित्रपटाच्या नावातही जागा नाही आणि शेवटातही नाही. प्रश्न तोंडाशी आला आणि दिग्दर्शिकेने तो आदरापोटी गिळला, असे माझे गाऱ्हाणे आहे.

आदर हाच मृणालबाईंच्या दिग्दर्शनाचा गुण, आणि आदर हाच दोष. त्यांच्यासारखीच दूरदर्शनने घरोघरी नेलेली दुसरी अभिनेत्री, रेणुका शहाणे, यांचे उदाहरण या ठिकाणी घेण्याजोगे आहे. त्याही लेखिकेच्या घरच्या. आई शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीवरून त्यांनी २००९ साली 'रीटा' हा चित्रपट केला, आणि २०२१ साली 'त्रिभंग'मध्ये आई-लेकींच्या तीन पिढ्या एकमेकींपुढे उभ्या करून त्यांच्या जखमा उघड्या केल्या. रेणुकाबाईंना माणसाचे कुरूप होणे दाखवायला संकोच वाटत नाही. मृणालबाईंना वाटतो. रेणुकाबाईंच्या चित्रपटात कोठे कोठे आरडाओरड जास्त होते, हे खरे. तरी त्यातली बाई घरी आल्यावरही आपल्याशी भांडत राहते. मृणालबाईंची बाई नमस्कार करून निरोप घेते.

तिसरा चित्रपट 'ती अँड ती', २०१९ च्या मार्चमधला. पुष्कर जोग, सोनाली कुलकर्णी (ही धाकटी सोनाली), प्रार्थना बेहेरे. लंडनमध्ये घडणारी हलकीफुलकी प्रेमाची गोष्ट. लेखन चिरंजीव विराजस यांचे. आईने मुलाची संहिता पडद्यावर आणावी, हे दृश्य मोठे लोभस आहे. आजोबा लिहीत, आई वाची, लेक अभिनय करी. आता नातवाने — नव्हे, पणतवाने — लिहावे आणि त्याच्या आईने दिग्दर्शन करावे, अशी ही चार पिढ्यांची साखळी. सासरे जयराम कुलकर्णी यांनाही आपण मराठी चित्रपटांत कितीदा पोलीस अधिकाऱ्याच्या टोपीत पाहिले. २०२० च्या मार्चमध्ये ते गेले. विराजस यांनी पुढे 'व्हिक्टोरिया' या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही हात घातला, आणि त्यांच्या पत्नी शिवानी रांगोळे याही अभिनयातच. असे घर महाराष्ट्रात विरळा. पण घराचे कौतुक वेगळे आणि चित्रपटाचे मोल वेगळे. 'ती अँड ती' सुटसुटीत आहे, हसू येते. मात्र तो पाहून बाहेर पडल्यावर हा मृणाल कुलकर्णींनीच करायला हवा होता असे वाटत नाही. मुलाच्या शब्दांची त्यांनी आईसारखी राखण केली आहे. दिग्दर्शकाने लेखकाशी थोडे भांडायलाही हवे असते.

२०१९ साली विजय देव गेले. २०२४ च्या दिवाळीत, ऐन धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला, वीणाताईही गेल्या. ज्या आवाजांनी मृणालबाईंचा कान घडविला, ते दोन्ही आवाज थांबले. त्या बातमीने मला माझ्या घरची उंबऱ्यापाशी बसणारी बाई आठवली. घरातले वडीलधारे गेले की आपण एकदम वडीलधारे होतो. त्यांच्यापुढे जे बोलायला जीभ रेटत नव्हती, ते बोलण्याची पाळी मग आपल्यावर येते. हे मी अनुभवाने लिहितो. मृणालबाईंच्या मनातले मला काय ठाऊक असणार?

दरवर्षी भाद्रपदात आमच्याकडचे लोक मोरगावच्या मयूरेश्वरापासून अष्टविनायक करायला निघतात आणि वाटेत थेऊरला चिंतामणीचे दर्शन घेतात. तेथे नदीकाठी रमाबाईंचे वृंदावन आहे. बायका हळदकुंकू वाहतात. गेल्या खेपेस माझी नात बरोबर होती. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, त्यांचं वय किती होतं?" मी सांगितले, "तुझ्या ताईपेक्षा थोड्याच मोठ्या." ती काही बोलली नाही, आणि कुंकू वाहायलाही पुढे झाली नाही. मला बरे वाटले.

मृणालबाईंकडे माझे एकच मागणे आहे, आणि ते टीकाकाराचे कमी, माईच्या भाच्याचे अधिक. आपण रमा केलीत, आणि आम्ही रडलो. आपण गोपिकाबाई केल्यात, पण अर्ध्यावर सोडल्यात. आता गंगापूरची ती सोळा वर्षे करा. लढाई नको, शनिवारवाडा नको, भरजरी शालू तर नकोतच. एक वाडा, गोदेचा काठ, तीन मुलांची नावे मनात घेऊन बसलेली एक हट्टी, कडवट, चुकलेली म्हातारी, आणि नातवाला धाडायचे ते पत्र. वाक्ये तुटू द्या. तिला रागावू द्या. ती थोर दिसली नाही तरी चालेल.

माई असती तर सूप घेऊन उंबऱ्यापाशी बसली असती. या खेपेला तिची बोटे तांदळात थांबली असती, असे मला वाटते.